उलाळ आणि दाब

लग्नसराई जवळ आल्याची वार्ता सुरतेतील खानदेशी माणसास पत्रिकेच्या आधी रस्ताच देतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील गॅरेजांपुढे पिकअप गाड्या ओळीने उभ्या राहू लागतात. कोणाच्या मागील आसावर आणखी दोन पाटे चढत असतात, कोणाच्या चासीस नवा हूक वेल्ड होत असतो, कोणाच्या हौद्यात लोखंडी सांगाडा उभारून ध्वनिवर्धकांची भिंत रचली जात असते. आणि हे सारे आटोपले की त्याच गाडीच्या मागे जनरेटरची दोन चाकांची ट्रॉली अडकवून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर अशी मजल दरमजल करीत ती स्वारी कुठल्याशा गावी वरातीच्या अग्रभागी जाऊन उभी राहते. त्या आवाजाविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही; ज्यांना तो ऐकावा लागतो त्यांनी काय ते बोलावे. मला कुतूहल आहे ते त्या हुकाचे.

आपल्याकडील पिकअप ही मुळात पाठीवर ओझे वाहण्यासाठी घडविलेली गाडी आहे. ओढणे हा तिचा कुलधर्म नव्हे. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात अशाच गाड्यांमागे घोड्यांच्या पेट्या आणि नावा जोडून लोक शेकडो मैल जातात हे खरे, परंतु तेथे किती वजन ओढावे आणि त्यापैकी हुकावर किती दाब पडू द्यावा याचे आकडे कारखानदार गाडीबरोबर लिहून देतो, आणि जड ट्रेलरास स्वतःचे ब्रेक असतात. आपल्याकडे पुष्कळदा हूक येतो तो वेल्डरच्या अंदाजाने, आणि गाडी जागची हलली म्हणजे तिला ओझे झेपले असा निकाल तेथल्या तेथे दिला जातो.

हा निकाल चुकीचा का, हे ज्याने बैलगाडी हाकली आहे त्यास निराळे सांगावे लागत नाही. गाडीत माल मागे अधिक भरला गेला तर जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. त्यास आपल्या भाषेत उलाळ असा नेमका शब्द आहे. उलट माल पुढे अधिक झाला तर जुवाचा दाब बैलांच्या मानेवर बसतो आणि जनावर मेटाकुटीस येते. जुना गाडीवान माल भरताना जू हाताने उचलून पाहत असे आणि एखादे पोते पुढे किंवा मागे सरकवी. दोन चाकांच्या ट्रेलरचे सगळे शास्त्र या एका कृतीत सामावलेले आहे. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा सुमारे दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर यावा, असा त्याचा सर्वसाधारण दंडक. जनरेटर मध्यभागी नीट बसविलेला असतो, पण मागे जागा मोकळी दिसली की तेथे डिझेलचे पिंप, वायरींचे वेटोळे आणि वर दोन पोरे अशी भर पडते. ट्रॉली उलाळ होते, आणि वेग वाढताच तिचे शेपूट डावी-उजवीकडे डुलू लागते.

आता दाब योग्य असला तरी तो फुकट मिळत नाही. समजा, पिकअपच्या पुढच्या व मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आहे, हूक मागच्या आसाच्या 1 मीटर मागे आहे, आणि 2,000 किलोच्या ट्रेलरचा 240 किलो दाब त्यावर पडला आहे. तरफेच्या न्यायाने मागच्या आसावर 240 नव्हे तर 320 किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरचा 80 किलो भार उचलला जातो. गाडीला दिशा देणारी चाके पुढची, आणि ब्रेक लावताना सर्वांत अधिक काम करणारी चाकेही पुढचीच. तीच हलकी झाली म्हणजे सुकाणू हाताला मऊ लागते, आणि अननुभवी चालकास तो मऊपणा सुखाचा वाटतो.

गॅरेजातील पाट्यांचा घात नेमका येथे आहे. गाडी मागे बसली म्हणून मालक पाटे वाढवितो, मागचा भाग पुन्हा वर येतो, आणि दिसावयास सर्व यथास्थित होते. परंतु पाट्यांनी वजन कमी केलेले नसते, आस बळकट केलेला नसतो, टायरांची क्षमता वाढविलेली नसते, आणि पुढच्या चाकांवरून उचलला गेलेला भार परत आणून ठेवलेला नसतो. गाडीचे ते बसणे ही तिची तक्रार होती. आपण तक्रार बंद केली, दुखणे तसेच राहिले.

खरी परीक्षा थांबण्याची. हजिऱ्याच्या कारखान्यांतून अजस्र यंत्रे रस्त्याने निघतात तेव्हा ती ओढणाऱ्या पुलरच्या पाठीवर मुद्दाम वजन लादलेले असते, चाकांना जमीन धरता यावी म्हणून. आणि जेथे चढउतार तीव्र असेल तेथे ओझ्याच्या मागेही एक पुलर जोडतात, तो मागे खेचून धरण्यासाठी. ज्यांचा हा पिढीजात धंदा, ते थांबण्याची अशी तजवीज करतात. आपला पिकअपवाला मात्र 3 टनांसाठी बेतलेल्या ब्रेकांकडून 5 टनांची सेवा घेऊ पाहतो. त्यातच वेग 40 वरून 80 वर नेला की थांबविण्याची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

वरात आटोपून सुरतेस परतताना कोंडाईबारीचा घाट उतरावा लागतो. येथे ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा चालक तापलेले ब्रेक घेऊन पायथ्याशी येतो, आणि तापलेले ब्रेक धरीत नाहीत. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर निव्वळ आत्मघात. आधुनिक इंजिनाला गिअरमध्ये उतरताना डिझेल जवळजवळ लागतच नाही. ज्या गिअरात घाट चढला असता त्याच गिअरात तो उतरावा, ही जुन्या ट्रकवाल्यांची शिकवण ट्रेलरवाल्यासही तंतोतंत लागू आहे. वळणावर ब्रेक दाबला आणि मागचे धूड पुढे लोटू लागले, तर अडकित्ता मिटावा तशी पिकअप आणि ट्रॉली एकमेकींवर मिटतात. सरळ रस्त्यावर ट्रॉली डुलू लागली तर सुकाणू उलटसुलट फिरवू नये आणि ब्रेकही जोरात लावू नये. सुकाणू सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, वेग उतरला की डुलणेही उतरते. हुकाची पिन निसटलीच तर ट्रॉलीची दांडी रस्त्यात रुतू नये म्हणून दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या बांधाव्यात. या साखळ्यांना खर्च तो किती, आणि तरीही दहा ट्रॉल्या पाहिल्या तर त्या मला क्वचितच दिसतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 61 अन्वये नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू आहेत, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवर दिसला पाहिजे. कलम 52 अन्वये कारखानदाराच्या मूळ तपशिलास बाधा येईल असा फेरफार करण्यास मज्जाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. नवापूरच्या स्थानकाचा फलाट काही गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे याचे प्रवाशांना मोठे कौतुक; पण हा कायदा केंद्राचा असल्यामुळे फलाटाच्या दोन्ही टोकांस सारखाच चालतो. दंडापेक्षाही मोठा मामला विम्याचा आहे: नोंद नसलेला ट्रेलर आणि बदललेली गाडी अपघातात सापडली, तर नुकसानभरपाईच्या तंट्यात मालकाच्या हाती दाखविण्याजोगा दस्तऐवज उरत नाही.

ज्यांना ट्रॉली ओढणे भागच आहे त्यांना एक सुचवितो. सुरतेतून बाहेर पडताना वजनकाट्यावर थांबावे, फक्त पुढची चाके काट्यावर चढवून एकदा ट्रॉली सोडून आणि एकदा जोडून असे दोनदा वजन घ्यावे, आणि मग तसेच मागच्या चाकांचेही घ्यावे. पुढे किती उचलले गेले आणि मागे किती वाढले हे पावत्यांवरच दिसेल. मागच्या आसाचा आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर ध्वनिवर्धकांचा एक थर तेथेच उतरवावा.