सांध्याच्या शस्त्रकर्मानंतर श्वानाची शुश्रूषा : औषधालयाने काय द्यावे, काय देऊ नये

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आजऱ्यातील आमच्या औषधालयात एक भगिनी आल्या आणि सासूबाई गुडघ्यासाठी घेत असलेल्या गोळ्यांची आणखी एक डबी त्यांनी मागितली. डबी देता देता सहज चौकशी केली, तेव्हा कळले की या खेपेस रुग्ण सासूबाई नसून एक कुत्रा आहे. संकेश्वर–बांदा रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्याचा मागचा पाय खुब्यातून निखळला होता. प्राणिमित्रांनी कोल्हापुरास नेऊन त्याचे शस्त्रकर्म करविले आणि कायमचे घर मिळेपर्यंत तो या भगिनींच्या पडवीत मुक्कामास आला होता. डबी विषतिंदुक वटीची होती. ती आम्ही तत्काळ परत घेतली.

विषतिंदुक म्हणजे कुचला व कुचल्यातील मुख्य विषद्रव्य स्ट्रिक्नीन. एके काळी नगरपालिका भटकी कुत्री मारण्यासाठी हेच द्रव्य वापरीत असत. ज्या जिवाला रस्त्यावरून उचलून वाचविले, त्याच्याच मुखी ते आमच्या हातून जाणार होते. असा प्रसंग आपणांपैकी कोणावरही येऊ शकतो. शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य दूर शहरात असतात आणि सांभाळ करणारी व्यक्ती प्रथम येते ती आपल्याच दारी. म्हणून हा लेखनप्रपंच.

शस्त्रकर्म कोणते, हे प्रथम विचारावे

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत सांधा स्थिर होण्याचा काळ वयानुसार सांगितला आहे. तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व वार्धक्यात तिप्पट. भग्नरुग्णाने व्यायाम वर्ज्य करावा, असेही ते सांगतात. हाड सळई वा पट्टी बसवून जोडलेले असेल किंवा गुडघ्यातील क्रूसिएट बंध दुरुस्त केलेला असेल, तर हा नियम श्वानासही लागू पडतो. साधारणतः सहा ते आठ आठवडे उडी नाही, जिना नाही, मोकळे धावणे नाही.

तथापि उपरोक्त श्वानाच्या बाबतीत निराळे कर्म झाले होते. निखळलेला खुबा पुन्हा बसविता येत नाही किंवा बसविला तरी टिकत नाही, तेव्हा मांडीच्या हाडाचे खुब्यात बसणारे शिर काढून टाकतात. त्या जागी तंतुमय ऊतकाचा कामचलाऊ सांधा तयार होतो आणि भार मुख्यत्वे मांसपेशी पेलतात. येथे अतिविश्रांती हाच अपाय होय. पाय न वापरल्यास मांसपेशी सुकतात, सांधा आखडतो व कुत्रा कायमचा तीन पायांवर चालू लागतो. म्हणून शस्त्रवैद्यांची अनुज्ञा मिळताच लवकर हालचाल सुरू करावी लागते. एकाच ‘सांध्याच्या ऑपरेशन’ला दोन परस्परविरुद्ध पथ्ये असू शकतात. कागद पाहिल्याशिवाय वा शस्त्रवैद्यांशी दूरध्वनीवर बोलल्याशिवाय सल्ला देऊ नये.

घरातील शुश्रूषा

पहिले दोन-तीन दिवस सूज असते. त्या काळात कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक दहा मिनिटे द्यावा. उष्ण शेक त्यानंतर. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखमेवर तेल, लेप, हळद काहीही लावू नये व ती चाटू देऊ नये. गळपट्टा मिळत नसेल तर तळ कापलेली प्लॅस्टिकची बादली तेच काम करते.

खुब्याचे शिर काढलेल्या श्वानास कुशीवर निजवून पाय हळुवार मागे-पुढे न्यावा. एका वेळी दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. कण्हला की थांबावे. जोडीला दोरीने धरून पाच-पाच मिनिटे सावकाश चालवावे. चाल जितकी संथ, तितका पाय टेकण्याचा संभव अधिक. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, म्हणून गोणपाट अंथरावे. आजऱ्याच्या पावसात पडवी ओलसर राहते, तेव्हा अंथरूण जमिनीपासून उंच व कोरडे असावे. वजन वाढू न देणे हे तर कोणत्याही गुग्गुळकल्पाहून मोलाचे आहे.

औषधालयातील अपथ्य

मनुष्यास हितकर ते श्वानास हितकर, हा समज सर्वांत घातक आहे. पुढील कल्प श्वानासाठी मागितल्यास देऊ नयेत.

१. कुचलायुक्त : विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी. वत्सनाभयुक्त रसकल्पही याच वर्गात समजावेत.

२. द्राक्षायुक्त : द्राक्षासव, दशमूलारिष्ट, च्यवनप्राश. द्राक्षे व मनुका यांनी श्वानाचे वृक्क निकामी होऊ शकतात आणि किती मात्रेने अपाय होईल हे आधी सांगता येत नाही. यामागे टार्टरिक आम्ल असावे, असे मत विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. त्यामुळे चिंचही वर्ज्य मानावी. सर्व आसवारिष्टांत मद्यांश असतो, हे निराळेच.

३. लशुनयुक्त : लशुनादि वटी, लशुन क्षीरपाक. लसूण व कांदा श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात.

४. बाह्य वेदनाहर मलमे : कापूर व गंधपुरा तेल असलेली. श्वान जे अंगाला लावाल ते चाटतोच, म्हणून त्याचे बाह्य औषध हे आभ्यंतर औषधच समजावे.

आधुनिक गोळ्यांचेही तेच. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी श्वानाच्या जठरात व्रण होतात व वृक्कांस इजा पोचते. पशुवैद्यांनी मेलॉक्सिकॅम दिलेले असताना वरून दुसरी वेदनाशामक गोळी देणे तर विशेष धोक्याचे. काळी विष्ठा, वांती वा अन्नद्वेष दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांस कळवावे.

मग आपल्या शास्त्राकडे देण्यासारखे काहीच नाही काय? तसे नव्हे. शल्लकीच्या निर्यासाचा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये सांधे व पाठीच्या विकारांच्या २९ श्वानांवर झाला व त्याचा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे मूल्यमापन होऊ शकले त्या २४ पैकी १७ श्वानांत दोन आठवड्यांनंतर सुधारणा आढळली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरता कामा नये. असा कल्प पशुवैद्यांच्या संमतीने व त्यांनी ठरविलेल्या मात्रेतच द्यावा.

मर्यादा व कर्तव्य

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत प्राण्यांसाठीच्या औषधांचाही समावेश आहे. परंतु भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये प्राण्यांवर चिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांसच आहे. आपण त्यांची जागा घेऊ नये. ‘औषध कोणासाठी?’ हा एक प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारावा. तो विचारण्यास परवाना लागत नाही.

त्या भगिनींना आम्ही गोळ्यांऐवजी गोणपाट, दोरी व वरील वेळापत्रक दिले आणि शस्त्रवैद्यांशी दूरध्वनी जोडून दिला. आठव्या आठवड्यात तो श्वान औषधालयापर्यंत चालत आला. किंचित लंगडत होता खरा, पण चारही पाय भूमीस टेकत होते.