भंडाऱ्याच्या वर्गातला पडदा, फोन आणि रेडिओ

1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली आणि मराठी शालेय कार्यक्रम दूरदर्शनवरून राज्यभर दिसू लागले. कार्यक्रम मन लावून केलेले असत. पण नेमक्या वेळी वीज असली आणि शाळेत संच असला, तरच ते वर्गापर्यंत पोहोचत. धानाच्या बांध्यांमध्ये विखुरलेल्या भंडाऱ्याच्या खेड्यांत हा योग जुळणे कठीण होते. 2004 अखेरीस केंद्राची माध्यमिक शाळांसाठीची संगणक योजना आली. महाराष्ट्रात ती पुढे कंपन्यांशी पाच वर्षांचे करार करून राबवली गेली; करार संपला की संगणक शिकवणारा निदेशकही जाई आणि यंत्रे मागे उरत.

खरा बदल 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर दिसू लागला. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेने डिजिटल वर्गाचा नमुना आधीच दाखवला होता. आता जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये लोकवर्गणीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून प्रोजेक्टर, टीव्ही संच आणि टॅबलेट येऊ लागले. शिक्षकांचे व्हॉट्सॲप गटही याच काळात फोफावले. एकाने तयार केलेली चाचणी किंवा कवितेची चाल संध्याकाळपर्यंत दुसऱ्या तालुक्यात जाई. गावोगावच्या एकट्या शिक्षकांना अशी जोडणारी गोष्ट याआधी क्वचितच होती. या टप्प्याची सर्वांत मोलाची कमाई पडद्यापेक्षा हीच.

शासनालाही समाजमाध्यमांची भाषा भावली होती, पण तिचा वापर भलत्या दिशेने झाला. नोव्हेंबर 2016 मध्ये शिक्षकांनी पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून शासनाच्या विद्यार्थी-नोंदींच्या ‘सरल’ प्रणालीवर टाकावा असा आदेश निघाला. हेतू गळती रोखण्याचा होता. संघटनांनी विरोध केला आणि जानेवारी 2017 मध्ये अंमलबजावणी थांबली. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला ‘दीक्षा’ हे डिजिटल अभ्याससाहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांत त्याकडे नेणारे क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूरच्या परितेवाडीतील रणजितसिंह डिसले यांनी ही कल्पना आपल्या शाळेत आधीच वापरली होती. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आजवरच्या साधनांचा खरा कस लागला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली. जुलै-ऑगस्ट म्हणजे भंडाऱ्यात धानाची रोवणी. घरातला एकमेव स्मार्टफोन बापाच्या खिशातून बांधीवर जाई आणि मुलाचा अभ्यास अंधार पडल्यावर उघडे. ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला आणि अनेक घरांत पाणी शिरले. अशा जिल्ह्यात सगळ्यांत जुने माध्यम कामी आले. नागपूर विभागीय आयुक्त कार्यालय, ‘प्रथम’ संस्था आणि आकाशवाणी नागपूर यांनी मिळून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम विभागातील मुलांसाठी सुरू केला. 1948 पासून चालू असलेले हे केंद्र 585 किलोहर्ट्झवर लागते आणि त्याला डेटा पॅक लागत नाही. घरातल्या वस्तू हाताशी घेऊन, आई-आजीला सोबत बसवून करायच्या कृती त्यात असत. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली. पहिली ते आठवीच्या या भागांतही भाषणापेक्षा कृतींवर भर होता.

नोव्हेंबर 2020 मध्ये ‘स्वाध्याय’ आला. मुलाने ठरलेल्या क्रमांकावर संदेश पाठवायचा, इयत्ता आणि विषय निवडायचा. मग व्हॉट्सॲपवर एकेक करून दहा प्रश्न येत. पर्यायाचा आकडा टाइप केला की पुढचा प्रश्न, आणि शेवटी काय चुकले ते कळे. साधीच रचना, पण पडद्याने प्रथमच मुलाकडे काही मागितले. डिजिटल वर्गात मूल पाहत बसे. इथे त्याला ठरवावे लागे. या सगळ्या सामग्रीत एक उणीव मात्र राहिली. ती प्रमाण मराठीत होती, आणि साकोली-लाखांदूरकडच्या मुलांची घरची बोली झाडीबोली. दंडारीसारख्या लोकनाट्यावर आणि झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेल्या या प्रदेशात स्थानिक शिक्षकाने स्वतःच्या फोनवर बोलीत नोंदवलेली गोष्ट तयार व्हिडिओपेक्षा मुलांना जवळची वाटणे स्वाभाविक आहे, आणि तिला खर्चही नाही.

शाळा पूर्ववत झाल्यावर ‘स्वाध्याय’सारखे चॅटबॉट राहिले, पण त्यांचा रोख बदलला. डिसेंबर 2023 पासून शिक्षकांना विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवर भरायला सांगण्यात आले. पुढे चाचण्यांचे गुणही तिथेच. प्रश्न आता मुलाऐवजी शिक्षकाला विचारले जाऊ लागले. मुलांच्या हाती फोन एव्हाना आलाच होता. 2024 च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटातील 82.2 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात फोनवर समाजमाध्यमे पाहणारी मुले सुमारे 76 टक्के होती, अभ्यासाचे काही करणारी सुमारे 57 टक्के.