टलीमधली रात्रपाळी

घोडी बहुधा रात्रीच विते. माणसांची वर्दळ थांबेपर्यंत ती काही काळ कळा रोखून धरू शकते आणि पागेत सामसूम झाली की मोकळी होते. त्यामुळे आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात, टली इथल्या आयरिश नॅशनल स्टडमध्ये शिकायला आलेल्या मुलामुलींचा सर्वांत मोलाचा तास रात्री भरतो. शर्यतीच्या घोड्यांची पैदास शिकवणारा हा निवासी अभ्यासक्रम 1970च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. तेव्हाचे व्यवस्थापक मायकेल ऑसबर्न स्वतः पशुवैद्य होते. देशोदेशीची मुले इथे जानेवारीत येतात आणि विणीचा हंगाम उलटल्यावर जातात. दिवसा लीद काढायची, खरारा करायचा, व्याख्याने ऐकायची. पाळी आली की रात्रभर गाभण घोड्यांवर नजर ठेवायची.

अभ्यासक्रम जानेवारीतच का, याच्या उत्तरात हा सगळा धंदा सामावलेला आहे. उत्तर गोलार्धात थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे, शिंगरू कोणत्याही महिन्यात जन्मो, कागदोपत्री त्याचा वाढदिवस 1 जानेवारीच. फेब्रुवारीतले आणि मेअखेरचे शिंगरू दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत एकाच वयाचे म्हणून उभे राहते, आणि त्या वयात तीन महिन्यांची वाढ फार मोठी असते. म्हणून प्रत्येकाला वीण लवकर हवी. पण घोडी माजावर येते ती दिवस मोठा होऊ लागल्यावर. मग डिसेंबरपासूनच तिच्या तबेल्यात दिवे लावून रोज सोळा तासांचा उजेड दिला जातो. गाभणकाळ सुमारे 340 दिवसांचा. म्हणजे व्यायल्यावर जेमतेम महिनाभरात ती पुन्हा गाभण राहिली, तरच पुढचे शिंगरू पुढच्या वर्षी त्याच सुमारास येणार. त्यातच थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. नर आणि मादी प्रत्यक्ष एकत्र आणावीच लागतात. कुठल्या घोडीचे बीज आज पक्व आहे, कुठली परवापर्यंत थांबेल, हे पशुवैद्य सोनोग्राफीवर पाहतो आणि विद्यार्थी घोडी धरून शेजारी उभा असतो. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते ती जुळे नाही ना, हे पाहायला. घोडीला जुळे क्वचितच पेलते, म्हणून एक गर्भ तेव्हाच काढावा लागतो.

रात्रपाळीत काय पाहायचे? स्तनाग्रांवर मेणासारखे थेंब साचले की वेळ जवळ आली. घाम फुटतो, घोडी उठते, बसते, वळून आपल्याच कुशीकडे पाहते. पाणमोट फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवे. गाईम्हशींच्या विणीची सवय असलेल्याला ही घाई नवी वाटेल. आधी पांढुरका पडदा दिसला तर हात मागे ठेवायचे. पण लालभडक मखमली पिशवी दिसली, तर पशुवैद्याची वाट पाहत बसायचे नाही. वार आधीच सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटत असतो. पिशवी तिथल्या तिथे फाडून त्याला बाहेर घ्यावे लागते. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने पहाटे तीन वाजता हा निर्णय घ्यायचा असतो. पुस्तकातले ज्ञान तेव्हा हातात उतरलेले असावे लागते आणि ते उतरवणे हेच या शाळेचे खरे काम, असे मला वाटते.

पुढचा हिशेब घड्याळाचा. तासाभरात शिंगराने उभे राहायचे, दोन तासांत आचळाला लागायचे, तीन तासांत घोडीची वार पडायची. यातले एकही चुकले तर डॉक्टरांना उठवायचे. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे शिंगरापर्यंत पोहोचत नाहीत. रोगाशी लढण्याची पहिली शिदोरी त्याला फक्त चिकातून मिळते, आणि ती शोषून घेणारे आतड्याचे दार पहिल्या चोवीस तासांत बंद होते. म्हणून चांगल्या स्टडवर जास्तीचा चीक गोठवून ठेवतात. लाखमोलाच्या वंशावळीचे भवितव्य त्या बाटलीवर अवलंबून असू शकते.

जागेचा इतिहासही विलक्षण आहे. कर्नल विल्यम हॉल वॉकर यांनी 1900 साली इथे स्टड उभारला. इथली चुनखडीची जमीन आणि कॅल्शियमयुक्त पाणी घोड्यांच्या हाडांना मानवते, हे त्यांनी हेरले होते. पण त्यांचा भरवसा ग्रहताऱ्यांवरही तेवढाच. प्रत्येक शिंगराची ते कुंडली मांडत आणि ती प्रतिकूल निघाली तर चांगल्या घराण्यातले शिंगरूही विकून टाकत. तबेल्यांच्या छतांना आकाश दिसेल अशा खिडक्या त्यांनी ठेवल्या. इथे जन्मलेल्या मिनोरूने 1909 साली राजा सातवा एडवर्ड याच्या रंगात एप्सम डर्बी जिंकली. 1915 मध्ये वॉकर यांनी सारे घोडे ब्रिटिश सरकारला देऊन टाकले. पुढे हा स्टड आयर्लंडकडे आला. आज त्याच आवारात पत्रिकेऐवजी रक्ताचा नमुना तपासतात.

किल्डेअरमध्ये शिकण्याच्या वाटा इतरही आहेत. जॉकी व्हायचे असेल तर जवळच 1973 साली स्थापन झालेली ‘रेस’ ही अकादमी आहे. एप्सम डर्बी तीनदा जिंकणारा जॉनी मर्टाग तिथलाच. व्यवस्थापनाकडे ओढा असणाऱ्यांसाठी 2003 पासून ‘गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट’ हा दोन वर्षांचा कार्यक्रम चालतो. त्यात मोजके विद्यार्थी आयर्लंडपासून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबईपर्यंत फिरून शिकतात. क्रीडाअश्वांचे जग मात्र वेगळे. उडी मारणाऱ्या किंवा ड्रेसाजच्या घोड्यांत गोठवलेले वीर्य चालते, भ्रूणरोपणही चालते. त्या घोड्यांकडे ओढा असेल तर लिमरिक विद्यापीठात अश्वविज्ञानाची पदवी आहे. तिच्यात स्नायू, चाल, आहार यांचा अभ्यास मोठा असतो.

हे सारे वाचताना पुणे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे पूनावाला कुटुंबाचा स्टड 1946 पासून आहे. त्यांचे निवृत्त घोडे प्रतिविष तयार करण्यासाठी हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. मुंबईत परळला पशुवैद्यकाचे महाविद्यालय 1886 पासून आहे, महालक्ष्मीला आणि पुण्याला धावपट्ट्या आहेत, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. रात्र जागून घोडी विणवणारे मोतद्दारही आपल्याकडे आहेत. पशुवैद्यकाच्या आणि शेतीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासोबत एक अख्खा हंगाम राहता यावा, शेवटी परीक्षा व्हावी, आणि शिकवणाऱ्या मोतद्दाराला शिक्षक म्हणून पगार मिळावा. जानेवारी ते एप्रिल एवढा काळही पुरेल, कारण आपल्याकडेही बहुतेक घोड्या त्याच दिवसांत वितात.