नेवासा फाट्यावरून मलिकंबराकडे

नेवासा फाट्यावर उभं राहिलं की हमरस्त्याच्या एसटीला दोनच दिशा. एक नगरची, दुसरी औरंगाबादची. पाट्यांवर आता अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर आहे, पण घाईत असलेला कंडक्टर अजून जुनीच नावं ओरडतो. दोन्ही शहरं साधारण साठ-साठ किलोमीटरवर. आम्ही नेवासकर कोर्टासाठी इकडे आणि दवाखान्यासाठी तिकडे असे आयुष्यभर या एकाच रस्त्यावर हेलपाटे घालतो. चारशे वर्षांपूर्वी एका हबशी माणसानेही आपलं उतारवय याच मुलखात हेलपाटे घालत काढलं. फरक इतकाच की त्याच्या मागे घोडदळ असे आणि समोर जहांगीर बादशहाची फौज.

हे सगळं डोक्यात आलं ते भाच्यामुळे. तो युगांडात, कंपाल्याला नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा फोनवर फोटो दाखवू लागला. तिथे बुगांडा नावाचं जुनं राज्य आहे. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात ते बरखास्त झालं, १९९३ मध्ये राजाला, म्हणजे 'कबाका'ला, मान परत मिळाला. सत्ता नाही, मान आहे. त्या राजघराण्याच्या जागा पर्यटकांना एका दिवसात दाखवतात: मेंगो टेकडीवरचा वाडा, बुलांगे नावाची दरबारी इमारत, दोन्हींना जोडणारा सरळ रस्ता. त्या रस्त्यावरच्या चौकात मधोमध एक फाटक आहे. सगळ्या गाड्यांनी वळसा घ्यायचा, फाटकातून सरळ जायचा हक्क फक्त कबाकाचा. चार कबाकांच्या कासुबीच्या समाध्या गवताने शाकारलेल्या आहेत. २०१० साली त्या जळाल्या, मग लोकांनी पुन्हा उभ्या केल्या. आत जाताना बूट बाहेर काढावे लागतात.

"मामा, आपल्याकडं असलं काही नाही ना?" तो म्हणाला.

"आहे की. आणि तोही आफ्रिकेतलाच माणूस. फक्त राजा नव्हता."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गाडी काढली.

आधी माणूस कोण ते सांगतो. मलिक अंबर, जुन्या मराठी कागदांत 'मलिकंबर'. जन्म इथिओपियातला, १५४८ च्या सुमारासचा. लहानपणी नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदादच्या वाटेने हातोहात फिरला. बगदादच्या एका धन्याने त्याला लिहायला-वाचायला, हिशेबाला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला नगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतःही हबशी, म्हणजे हबशाण उर्फ अॅबिसिनियातून आलेला. भाच्याने लगेच तिथली भाषा काढली, तेव्हा त्याला सांगावं लागलं की कंपाल्यापासून इथिओपिया बराच लांब आहे. आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे.

समुद्रापलीकडून काही येणं नेवाशाला तरी नवं नाही. गावाजवळच्या लाडमोडच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर एकाखाली एक सापडले. त्यात सातवाहन काळातल्या रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्याही होत्या. प्रवरेच्या काठी कोणी तरी भूमध्य समुद्राकडची दारू पीत होतं! पण गावात पाहुणा आला की आम्ही त्याला पैस खांब दाखवतो, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. मोहिनीराजाचं देऊळ दाखवतो. लाडमोड विचारावं लागतं.

घोडेगाव, पांढरीपूल, इमामपूरचा घाट. घाटात भाचा झोपलेला. जेऊर ओलांडल्यावर त्याला उठवलं.

नगरच्या बहुतेक देखण्या वास्तू अंबराच्या आधीच्या आहेत, हे आधीच कबूल करतो. मलिक अहमदने १४९० मध्ये शहर वसवलं. बागरोजात त्याची कबर आहे आणि त्याच आवारात गुलाम अली नावाच्या हत्तीचीही. तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा रामराजा पकडण्यात त्याचा वाटा होता असं सांगतात. फराहबाग १५८३ ला पुरा झाला. शहा डोंगरावरचा तीन मजली अष्टकोनी 'चांदबिबीचा महाल' चांदबिबीचा नाहीच, ती सलाबतखानाची कबर. नगरकरांना हे ठाऊक असतं आणि तरी ते महालच म्हणतात. दमडी मशीद मात्र निवांत बघण्यासारखी आहे. आकाराने जेमतेम एखाद्या मोठ्या ओसरीएवढी, पण दगडावरचं कोरीव काम असं की चुन्यात बोटाने काढल्यासारखं वाटावं. १५६७-६८ चं बांधकाम. अंबर इथे गुलाम म्हणून आला तेव्हा हा दगड अजून नवाकोरा असणार.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. लोक तिथे नेहरूंची खोली बघायला जातात. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तिथे ठेवलं होतं आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं गेलं. आम्ही खंदकाकडे बघत उभे राहिलो. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट पाडला, तो चांदबिबीने एका रात्रीत बांधून काढला. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला पडला. बादशाही कागदांत निजामशाही तिथेच संपली. अंबराने ते मानलं नाही. परांड्याला त्याने घराण्यातला एक मुलगा गादीवर बसवला, मुर्तजा दुसरा, आणि त्याला आपली मुलगी दिली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बाजारात विकला गेलेला माणूस राजाचा सासरा झाला. राजधानी परांड्याहून जुन्नरला, पुढे दौलताबादकडे. नगरचा किल्ला त्याने १६१० मध्ये परत घेतला आणि १६१७ च्या तहात पुन्हा सोडला. ज्या राज्याचं नाव अहमदनगरचं, ते त्याने बहुतेक काळ अहमदनगरविनाच चालवलं.

खरं बघायचं ते शहराबाहेर आहे. नगरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर भातोडी. इतिहासाच्या पुस्तकात भातवडी. १६२४ च्या पावसाळ्याअखेर मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र होऊन अंबरावर आल्या. तो तेव्हा पंचाहत्तरीचा. समोरासमोर लढला असता तर संपला असता. त्याने तलावाचा बांध फोडला. काळ्या मातीत पाणी शिरलं की काय होतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही: बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि निघताना चप्पल आतच राहते. तोफा, हत्ती, सामानाच्या गाड्या जागेवर रुतल्या. वरून रात्रीचे छापे आणि रसद बंद. छावणीत उपासमार सुरू झाली, माणसं पळू लागली, आणि मग त्याने घाव घातला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. अंबराच्या बाजूने शहाजीराजे होते, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले. या दोन्ही भावांची नावं नगरच्या शहाशरीफ पिराच्या नवसावरून ठेवली, अशी परंपरा आहे.

शरीफजींची समाधी गावात आहे. बांधावर शेळ्या राखणारे एक आजोबा बसले होते. तलाव कोणी फोडला होता म्हणून विचारलं.

"हबशानं. आमच्या पाण्यानं जिंकला तो." ते 'आमच्या' असं म्हणाले ते मला फार आवडलं. भाच्याने फोटो काढायला फोन वर केला, तर आजोबा म्हणाले, "माझा नको, पाण्याचा काढा. औंदा भरलंय."

हलक्या मराठा घोडेस्वारांना हाताशी धरून अवजड फौज दमवायची ही रीत अंबराने एकट्याने शोधली असं मी म्हणणार नाही. दख्खनच्या डोंगरांनीच ती शिकवली असावी. पण पंचवीस वर्षं सलग ती राबवून दाखवली ती त्याने. जहांगीर इतका चिडला की आपल्या आत्मचरित्रात त्याचं नाव शिवीशिवाय घेत नाही. अबुल हसनने काढलेलं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे: पृथ्वीगोलावर उभा जहांगीर भाल्याला अडकवलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाला कधीच मिळालं नाही.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं. अंबराने जमीन मोजून, कस बघून, पिकावर सारा बसवला आणि वसुलीतल्या मधल्या मक्तेदारांना बाजूला सारलं. 'मलिकंबरी' हा शब्द महसुलाच्या बोलण्यात पुढे कित्येक पिढ्या टिकला. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी तीच घडी वापरली, असं बरेच इतिहासकार मानतात. स्मारकाची पाटी असो नसो, सातबारा हातात धरणाऱ्याच्या मागे कुठे तरी हा माणूस उभा आहे.

दुपारी घरी भाकरी खाऊन पुन्हा फाटा, आणि आता दुसरी दिशा. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, पाणी वाटून घेण्यावरून बोलण्याचा सूरही बदलतो!

१६१० मध्ये अंबराने खडकी गावी शहर वसवायला घेतलं. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, त्याचं फतेहनगर केलं, औरंगजेबाने औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. चार नावं झाली, वसवणाऱ्याचं एकातही नाही. भडकल दरवाजा १६१२ चा, मोगलांवरच्या विजयाची खूण. रिक्षा त्याला वळसा घालून जातात. भाचा म्हणाला, "इथं उलटं आहे. तिथं राजा सोडून सगळे वळतात."

पण अंबराचा खरा वाडा जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मुरणारं पाणी भुयारी दगडी पाटात गोळा करायचं आणि उतार धरून शहरात आणायचं. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे झाकण काढून माणूस आत उतरू शकेल अशा विहिरीसारख्या जागा, गाळ काढायला आणि हवा खेळती ठेवायला. शहरात शिरताना खापरी नळ आणि दाब सांभाळणारे उंच मनोरे: पाणी मनोऱ्यात वर चढतं, हवा सुटते, मग दुसऱ्या नळाने पुढे जातं. मोट नाही, पंप नाही. नगरच्या निजामशहांनी कापूरवाडीहून असंच खापरी नळांनी पाणी आणलं होतं. ते बघतच हा शिकला असावा असा माझा अंदाज. नहरीचा एक उच्छ्वास आम्ही वाकून पाहिला. खाली प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, आणि त्यांच्याखालून गार हवा येत होती.

खुलताबादला पोचेतो उन्हं कलली. औरंगजेबाच्या कबरीकडे पोलीस, गर्दी, तपासणी. १७०७ मध्ये तो मेला नगरजवळ भिंगारला आणि पुरला गेला इथे. थोडं पलीकडे, माळावर, अंबराचा मकबरा. १६२६ मध्ये तो गेला तेव्हा ऐंशीच्या आसपास होता. शेवगाव तालुक्यातलं अमरापूर हे मूळचं अंबरपूर, तिथेच तो वारला, असंही आमच्याकडे सांगतात. त्यानंतर दहा वर्षांत निजामशाही संपली. शेवटी शहाजीराजांनी पेमगिरीवर एक बालराजा बसवून पाहिला, अंबराने परांड्याला बसवला होता तसाच.

मकबरा उंच चौथऱ्यावर, घुमटाचा, भिंतींवर कमानींचे कोनाडे. शेजारी त्याची बायको बीबी करीमा हिची लहान कबर. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. भाचा पायऱ्यांशी थांबला आणि बूट काढू लागला. इथे तसं कोणी सांगत नाही, म्हटलं. तो काही बोलला नाही. मोजे घालूनच वर गेला, एक फेरी मारून आला.

आवारात गवत माजलेलं. मोज्यांत कुसळं घुसली होती. मी गाडी चालवत होतो आणि तो शेजारी बसून एकेक कुसळ उपसत होता. प्रवरासंगमचा पूल आला तरी त्याचं काम चालूच होतं.