स्टंपावरचा रुपया

साखऱ्यात सोयाबीन निघालं की मोकळ्या रानात पोरांचा डाव सुरू होतो. कॉस्कोचा चेंडू काळ्या मातीच्या भेगेत गेला की बोटं घालून काढायचा आणि पुन्हा खेळायचं. हिंगोली जिल्ह्यातल्या अशा गावांत खेळणारी पोरं भरपूर आहेत. 'तुझं इथं चुकतंय' म्हणणारं माणूस मिळत नाही. अमेरिकेत ते पैसे देऊन मिळतं: बेसबॉल शिकवणारे तासाच्या फीवर पोराला जाळीत उभं करतात आणि दांडीवर ठेवलेला चेंडू पुन्हा पुन्हा मारून घेतात. बॅट-चेंडूच्या खाजगी शिकवणीचं आपलं विद्यापीठ मात्र दादरच्या शिवाजी पार्कवर, उघड्या मैदानात भरायचं. रमाकांत आचरेकर सरांचं.

सर १९३२ सालचे. स्टेट बँकेत नोकरी, प्रथम श्रेणी क्रिकेटचा एकच सामना. स्वतःचं खेळणं तेवढ्यावर राहिलं, पण चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर त्यांच्याच हाताखालून गेले. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना मोठा भाऊ अजित त्याला घेऊन आला. सरांसमोर तो बावरला, चेंडू बॅटवर येईना. अजितनं विनवलं, तेव्हा सर निघून गेल्यासारखं करून झाडाआडून पाहत राहिले. पोराला दुसरी संधी मिळाली. मला सरांची ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. पहिल्या नजरेत नापास झालेली किती पोरं अशा झाडाअभावी घरी गेली असतील!

त्यांचा भर सामन्यांवर होता. साठ दिवसांच्या एका उन्हाळी सुट्टीत सचिन पंचावन्न सराव सामने खेळला. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर न्यायचे.

आणि दिवस कलला, पाय जड झाले, की शेवटची पंधरा मिनिटं. सर मधल्या स्टंपावर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज बाद करील, रुपया त्याचा. कुणीच बाद केलं नाही तर फलंदाजाचा. क्षेत्ररक्षणाला साठ-सत्तर पोरं सगळ्या मैदानभर. जरा चेंडू उचलला की कुणाच्या तरी हातात. म्हणजे प्रत्येक फटका जमिनीलगतच मारायचा, तोही अंग थकलेलं असताना. या रुपयानं फलंदाज शिकायचा, तसाच तो मिळवू पाहणारा प्रत्येक गोलंदाज आणि झेलासाठी टपलेलं प्रत्येक पोरही. इतक्या कमी सामानात एवढ्या जणांना एका वेळी शिकवणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. त्यानंतर पॅड, ग्लोव्ह्ज न काढता पार्काला दोन फेऱ्या.

सर मारायचेही. स्वतःचा सामना बुडवून वानखेडे स्टेडियमवर शाळेच्या मोठ्या मुलांचा खेळ बघायला गेलेल्या सचिनला त्यांनी अशी थप्पड दिली की हातातला डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या कसल्या वाजवतोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं पटतं, पोरावर हात टाकणं मला पटत नाही.

१९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला सर गेले. सचिननं जिंकलेली अशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत. निवृत्त होतानाच्या निरोपाच्या भाषणात तो म्हणाला होता की पोरगं हुरळून जाईल म्हणून सर कधीच 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. त्याला भारतरत्न जाहीर झालं, तेव्हा मात्र सरांच्या तोंडून पहिल्यांदा 'वेल डन' निघालं.