आर काढले, पण खरेच गेले का?

संगणकावर काही बिनसले की हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका’. डेटाच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’च्या बाबतीत हा उपाय अनेकदा वाया जातो. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आर घडवायला घेतले. १९९५ पासून ते मुक्त परवान्याखाली मोफत मिळते. उपाय वाया जातो तो एका गैरसमजामुळे. मूळ सॉफ्टवेअर, त्यात नंतर भरलेली जादा सोयींची पॅकेजेस आणि मागच्या कामाची जतन झालेली स्थिती हे सारे एकाच ठिकाणी असते, असे वापरणारे गृहीत धरतात. प्रत्यक्षात तिन्हींचे पत्ते वेगळे असतात.

आरस्टुडिओ म्हणजेच आर, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. आरस्टुडिओ या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड लिहिणे सोपे जाते, पण आकडेमोड करते ते आर. आरस्टुडिओ काढले तरी आर शाबूत राहते. आर नसेल तर आरस्टुडिओचा काही उपयोग नाही.

विंडोजवर आर टाकले, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आर’ हे अक्षर टाइप केले आणि ‘अशी कमांड नाही’ असे उत्तर आले, की इन्स्टॉलेशन फसले असे वाटते. ते फसलेले नसते. कमांड कुठे शोधायच्या हे सांगणाऱ्या ‘पाथ’ या यादीत विंडोजचा इन्स्टॉलर आरचा पत्ता स्वतःहून घालत नाही, एवढेच. पॉवरशेलमध्ये तर गंमत वेगळीच आहे. तिथे ‘आर’ हे एकटे अक्षर मागची कमांड पुन्हा चालवण्यासाठी राखलेले आहे, त्यामुळे पाथ नीट असला तरी पूर्ण नाव ‘आर डॉट ईएक्सई’ असेच लिहावे लागते.

आता काढण्याविषयी. विंडोजवर आर अनइन्स्टॉल केले तरी वापरकर्त्याच्या खात्यातले पॅकेजेसचे फोल्डर तसेच राहते. मॅकवर ॲप्लिकेशन्समधले चिन्ह कचरापेटीत टाकले तरी आरचा खरा ऐवज ‘लायब्ररी’मधल्या ‘फ्रेमवर्क्स’ फोल्डरात बसून असतो. उबुंटूवर ‘रिमूव्ह’ने सेटिंगच्या फायली मागे राहतात. ‘पर्ज’ त्या काढते, पण वापरकर्त्याच्या ‘होम’ फोल्डरातल्या पॅकेजेसना तेही हात लावत नाही.

याच रचनेमुळे आरच्या ४.३ या आवृत्तीवरून ४.४ वर गेलेल्यांची पॅकेजेस ‘गायब’ होतात. ती जुन्या आवृत्तीच्या फोल्डरात असतात. नवी आवृत्ती तिथे पाहत नाही. पॅकेजेस पुन्हा एकदा इन्स्टॉल करावीत, हा सरळ मार्ग. त्यानंतर मात्र पॅकेज वापरात आणायला दर वेळी फक्त ‘लायब्ररी’ ही कमांड पुरते. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर इन्स्टॉलची ओळ लिहून इंटरनेट खर्च करण्याची गरज नाही.

सगळ्यांत जास्त वेळ खाते ती ‘डॉट आरडेटा’ नावाची फाइल. बंद होताना आर विचारते, ‘वर्कस्पेस जतन करू का?’ सवयीने ‘हो’ म्हटले की त्या क्षणी मेमरीत असलेली सगळी नावे आणि आकडे कामाच्या फोल्डरात साठतात आणि त्याच फोल्डरातून आर उघडले की परत येतात. समजा, शेतकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीने तापमानासाठी इंग्रजी कॅपिटल ‘टी’ हे नाव वापरले आणि त्यात शून्य भरले. आरमध्ये हेच अक्षर ‘ट्रू’चे लघुरूप म्हणून चालते. त्यामुळे पुढे ‘रिकाम्या नोंदी वगळ’ असे या अक्षराने सांगितले, तरी आर त्याचा अर्थ ‘वगळू नको’ असा घेते आणि सरासरीच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, असे दाखवते. ती आर दहादा काढून टाको, फाइल तिच्या फोल्डरातच असल्याने उत्तर बदलत नाही. ही फाइल पुसावी किंवा आर ‘व्हॅनिला’ या पर्यायाने सुरू करावे, म्हणजे ते मागचे काहीच वाचत नाही. वर्कस्पेस जतन न करण्याची सवय त्याहून उत्तम.

एका बाबतीत मात्र नवी आवृत्ती टाकणे हाच खरा इलाज आहे, आणि तो मराठी वापरकर्त्यांच्या थेट कामाचा. विंडोजवर जुने आर तक्त्यातल्या ‘पुणे’ या नावाऐवजी कंसातले चार सांकेतिक क्रमांक छापत असे. फाइल बिघडली म्हणून लोक ती पुन्हा पुन्हा उतरवून घेत. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० पासून आर विंडोज १०च्या नव्या आवृत्त्यांवर युनिकोडमध्येच काम करते आणि गावांची नावे देवनागरीत दिसतात. पण नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते, तिला हटवत नाही. म्हणून आर सुरू होताना पहिल्या ओळीत कोणता आकडा येतो ते पाहावे, आणि जुनी आवृत्ती विंडोजच्या ॲप्सच्या यादीतून वेगळी काढावी.