भटजीविना लग्न आणि कायद्याचा कागद

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, “लेकीचं लग्न भटजीविना, सत्यशोधक पद्धतीनं करायचंय. पण उद्या काही वाकडं झालं, तर कायदा तिला बायको मानेल का?” पोटगी, वारसा, नवऱ्यामागची पेन्शन, सगळं यावरच अडतं.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. सत्यशोधक समाजानं पहिलं असं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लावलं. तिकडे तामिळनाडूत पेरियार यांनी ‘स्वाभिमान विवाह’ सुरू केले. पण १९५३ साली मद्रास हायकोर्टानं अशा एका लग्नाला वैध मानलं नाही. बायकांच्या पायाखालची जमीनच सरकली म्हणायची. शेवटी १९६७ साली अण्णादुरै सरकारनं हिंदू विवाह कायद्यात ७-अ कलम घातलं. नातलग, मित्रांसमोर एकमेकांचा स्वीकार केला, किंवा हार, अंगठी घातली, किंवा ताली बांधली, की लग्न झालं. आधी लागलेली लग्नंही त्यानं पक्की केली.

हे कलम महाराष्ट्राला मात्र लागू नाही. इथं हिंदू विवाह कायद्याला दोघांपैकी एकाच्या समाजात चालत आलेले विधी लागतात. वाद झाला, तर ‘आमच्यात असंच लावतात’ हे कोर्टात बाईलाच सिद्ध करत बसावं लागतं. ग्रामपंचायतीचा दाखला आहे ना, असं पुष्कळ जणी म्हणतात. दाखला जरूर घ्या, पण तो लागलेल्या लग्नाचा पुरावा. दाखल्यानं लग्न लागत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये हेच सांगितलं.

मग पक्की वाट कोणती? १९५४ चा विशेष विवाह कायदा. मुलगी १८ ची, मुलगा २१ चा पूर्ण हवा. दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती ३० दिवस फलकावर लागते. (घरच्यांचा विरोध असलेल्या पोरापोरींना हा फलक फार जाचतो, आम्हाला तो खटकतो.) मग तीन साक्षीदारांसमोर, कळेल त्या भाषेत, एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारायचं आणि सह्या करायच्या. बाकी विधी तुमच्या मनाचा. जादा फी भरली तर अधिकारी जवळपासच्या मांडवातही येऊ शकतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

ज्यांचं लग्न पूर्वीच असं झालंय, त्यांनी घाबरू नये. एकत्र नांदत असाल तर याच कायद्याखाली आताही नोंद होते. तिलाही ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. लग्नानंतर झालेली मुलंही औरसच धरली जातात.

ताईंनी मे महिन्याचा दुसरा आठवडा धरलाय. मुलगा बाहेरगावी कामाला, म्हणून नोटीस लेकीच्याच जिल्ह्यात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं ठरलंय. आपल्यातल्या दोघी साक्षीदार म्हणून जाणार आहोत, तिसरे मुलाचे मामा.